डबल येलो

आमच्या भुसावळला मे महिन्यात फायटर जेट उडवायचं असेल तर पहाटे साडेचारला उठावं लागतं. दहा वाजले की पारा ४५ च्या दिशेने निघतो, खोली तापते, कॉम्प्युटर खोलीपेक्षा जास्त तापतो आणि मग स्क्रीनवरचं विमान खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी चालल्यासारखं झटके खात जातं. कूलर समोर लावला तर वारा गार पण दमट, की-बोर्ड चिकट होतो. आणि लाईट गेली की कूलर इन्व्हर्टरवर टाकता येत नाही, म्हणजे टाकता येतो, पण मग अर्ध्या तासात इन्व्हर्टर मान टाकतो आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून पहाट.

हे सगळं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. तसा विमानांचा नाद जुना. कॉलेजला असताना सायबर कॅफेत १९९९ चा एफ-२२ लाइटनिंग ३ हा गेम खेळायचो, त्यात टॅक्टिक्स वगैरे काही नसायचं आमचं, चौकोन लाल झाला की बटण दाबायचं आणि तासाचे पैसे वसूल करायचे. लॉकडाऊनमध्ये मात्र डीसीएस वर्ल्ड नावाचं, खऱ्यासारखी लढाऊ विमानं उडवायच्या गेमचं प्रकरण हाती लागलं. फुकट. आणि फुकटात सोबत लढायचं एक विमान मिळतं, सु-२५टी. रशियन, दिसायला अगदी ओबडधोबड, रणगाडे फोडण्यासाठी बनवलेलं. हवेत भांडायला स्वतःचं रडारसुद्धा नाही त्याला. ज्यांनी पोस्टरवरची सुखोई बघून हा नाद लावून घेतला असेल त्यांना हे विमान म्हणजे लग्नाला निघालो आणि ट्रॅक्टर मिळाला असं वाटेल. मला तसंच वाटलं होतं.

वरच्या मजल्यावर मामा राहतात. लोको पायलट होते, २०१८ ला रिटायर झाले, बरीचशी नोकरी मालगाडीवर, भुसावळ-इगतपुरी सेक्शन. रिटायर झाला तरी माणूस पहाटे चारला जागा होतो, कारण ३४ वर्षं ड्युटीचा कॉल कधीही यायचा. तर एके पहाटे जॉयस्टिकचा खडखडाट ऐकून ते खाली आले, हातात पितळी तांब्या, गळ्यात पंचा.

"काय करून राह्यला रे भो इतक्या पहाटे?"

"मिशन आहे मामा."

"कितीचा लोड आहे?"

मी हसलो, पण प्रश्न बरोबर होता हे मला पुढच्या महिन्याभरात कळत गेलं.

मिशन मी स्वतःच एडिटरमध्ये बनवलेलं होतं. काळ्या समुद्राच्या काठचा जॉर्जियाचा नकाशा, सुखुमीकडून गालीमार्गे रणगाड्यांचा काफिला खाली येतोय, एंगुरी नदीचा पूल ओलांडायच्या आत त्याला थांबवायचं, आणि सेनाकीच्या धावपट्टीवर परत यायचं. काफिल्यासोबत दोन शिल्का. शिल्का म्हणजे चार नळ्यांची रडारवाली विमानविरोधी तोफ. एंगुरीला आम्ही पुढे तापीच म्हणायला लागलो, कारण मामांना एंगुरी म्हणजे द्राक्षं वाटायची. हे मिशन मी अकरा वेळा हरलो. अकरा वेळा, आणि जवळजवळ एकाच पद्धतीने, त्यामुळे त्यातून काही शिकलो असंही म्हणता येत नाही.

पद्धत अशी: लांबून रणगाडा दिसतो, टीव्ही कॅमेऱ्यात लॉक करायचा, विखर मिसाइल सोडायचं. विखर लेझरच्या किरणावर स्वार होऊन जातं, म्हणजे ते पोचेपर्यंत विमानाचं नाक त्या बाजूलाच धरून ठेवावं लागतं. सोडलं आणि वळलो असं चालत नाही. मग ते लागतं, धूर निघतो, आणि मी तो धूर बघत बसायचो. काय सुंदर धूर असतो तो. मग दुसरं, मग तिसरं, आणि अशी हाव सुटलेली असतानाच खालून शिल्काच्या गोळ्यांची माळ वर यायची आणि पंख गळायचा.

दहाव्या की अकराव्या पराभवाला मामा शेजारच्या खुर्चीत होते. म्हणाले, "त्याची गोळी कुठवर पोचते?"

"अडीच किलोमीटर."

"अन् तुही?"

"आठ."

"मंग तू त्याच्या दारात काऊन जातो?"

आता हे ऐकायला सोपं आहे. पण मी कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की गडबड कुठे होते. ताशी ५४० किलोमीटरने मी जातोय म्हणजे सेकंदाला १५० मीटर. विखर सेकंदाला साधारण ६०० मीटर. आठ किलोमीटरवरून सोडलं तर पोचायला तेराचौदा सेकंद लागणार, आणि तेवढ्या वेळात नाक तिकडेच असल्यामुळे मी स्वतः दोन किलोमीटर पुढे सरकणार. म्हणजे पहिलं मिसाइल लागलं तेव्हा मी सहावर. लगेच दुसरं सोडलं तर ते लागेपर्यंत साडेचारवर. तिसरं सोडलं तर साडेतीनच्या आत. आणि तिथून वळायला ४ जीचा, म्हणजे अंगावर चौपट वजन पडेल असा, वळसा घेतला तरी त्याची त्रिज्या ६०० मीटरच्या आसपास, शिवाय पुढचा रणगाडा शोधून लॉक करण्यात गेलेले दोनचार सेकंद यात धरलेलेच नाहीत. म्हणजे तिसऱ्या मिसाइलच्या मोहात मी शिल्काच्या दारात नाही, ओट्यावर जाऊन बसत होतो. विमानाखाली विखर सोळा असतात आणि घोळ तिथेच आहे, सोळा आहेत म्हटल्यावर माणूस सोळाही एका दमात संपवायला बघतो.

मामांना हे गणित सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत. लोड भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर लगेच थांबत नाही, म्हणून लाल सिग्नल दिसल्यावर ब्रेक लावणारा ड्रायव्हर ड्रायव्हरच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधी पिवळा असतो, आणि पिवळ्याच्याही आधी दोन पिवळे. डबल येलो म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, पुढचा रस्ता मोकळाही असेल, पण आता डोक्यात थांबायची तयारी सुरू करायची. "तुह्या विमानाले डबल येलो कुठं आहे?" असं त्यांनी विचारलं आणि मी खरंच कॉकपिटमध्ये शोधायला लागलो.

आहे. सु-२५टीच्या डॅशबोर्डवर उजव्या बाजूला एक डबा असतो, त्यात विमानाचं छोटं चित्र आणि भोवती दिवे. कुठल्या बाजूने रडार आपल्याकडे बघतंय, ते रडार कुठल्या प्रकारचं, सिग्नल किती जोरात, आणि लॉक झालं की लाल. आधी नुसती पिकपिक करतो. मी आवाज कमी करून ठेवला होता त्याचा, कटकट वाटायची म्हणून! मामांनी तो डबा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा या खेळाबद्दल आदर दिसला. "हा तं सिग्नलच आहे पुरा."

त्या दिवसापासून आमच्या घरात कॉलिंग आऊट सुरू झालं. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट दोघंही प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारतात, बोट दाखवून. एकाने डबल येलो म्हटलं की दुसऱ्यानेही म्हणायचं, मनात ठेवायचं नाही. बाहेरच्याला गंमत वाटते, पण रात्री तीन वाजता डोळा लागत असताना तोंडाने बोललेलंच मेंदूपर्यंत पोचतं. मामा तसेच बसायला लागले, ताठ, उजव्या हाताचं पहिलं बोट स्क्रीनकडे, त्या बोटाचं टोक हँडल धरून धरून थोडं वाकडं झालंय. "उजव्या बाजूले दिवा." मी: "उजव्या बाजूला दिवा, शिल्का." "डिझेल अर्ध्याखाली." "फ्युएल अर्ध्याखाली." जेटचं इंधन म्हणजे एक प्रकारचं रॉकेल, पण त्याला ते डिझेलच म्हणायचे आणि मीही नंतर सोडून दिलं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची की झोपू द्या रे माणसांना.

पण खरं सांगतो, या बोलण्याने माझा खेळ जेवढा सुधारला तेवढा कुठलाही व्हिडिओ बघून सुधारला नव्हता. कारण मरायचं कारण बहुतेक वेळा शत्रू नसतो. डोळे एकाच गोष्टीला चिकटतात ते असतं. लॉक केलेल्या चौकोनात माणूस इतका घुसतो की उंची, वेग, इंधन, दिवे सगळं विसरतो, टेकडीवर जाऊन आदळतो. बोलत राहिलं की डोळ्यांना फिरावंच लागतं.

मग मी मिशन कठीण केलं, काफिल्यात एक ओसा टाकली. ओसा म्हणजे चाकांच्या गाडीवरची रडारवाली मिसाइल, तिचा पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास. इथे विखरचं गणित मोडतं, तिचा हात माझ्यापेक्षा लांब. यावर दोन उपाय. एक म्हणजे पोटाखाली फँतास्मागोरिया नावाचा पॉड, म्हणजे यंत्राचा डबा लावायचा, तो शत्रूचं रडार कुठे चालू आहे ते हुंगतो, आणि मग ख-५८ सारखं रडारच्या लहरी धरून जाणारं मिसाइल कितीतरी लांबून सोडायचं. हे सोडून वळता येतं, नाक धरून बसावं लागत नाही. दुसरा उपाय डोंगर. रडारला डोंगराआरपार दिसत नाही. खाली खाली, दरीतून, टेकडीच्या आडून जायचं, शेवटच्या क्षणी वर यायचं, बघायचं, सोडायचं आणि परत आड. मला दुसरा आवडतो. पहिला जास्त शहाणपणाचा आहे. क्रम मात्र दोन्हीत तोच, आधी दात काढायचे मग तोंडात हात घालायचा. रणगाडे कुठे पळून जात नाहीत, ते ताशी तीस-चाळीसने येतायत बिचारे. मी नेहमी आधी रणगाडेच मारायला जायचो कारण मिशनच्या कागदावर रणगाडे लिहिलेत ना.

दिवाळीच्या सुमारास सेलमध्ये फ्लेमिंग क्लिफ्स ३ घेतलं, त्यात एफ-१५सी, सु-२७, मिग-२९ असली खरी फायटर्स. वाटलं आता ट्रॅक्टर गेला, घोडा आला. पहिल्या पंधरा दिवसांत सु-२५पेक्षा जास्त मेलो.

विमान विमानाच्या मागे लागतं त्याला डॉगफाइट म्हणतात आणि नवशिक्याला वाटतं की जो जास्त जोरात वळेल तो जिंकेल. म्हणून जॉयस्टिक पोटात खुपसेपर्यंत ओढायची. विमान वळतं, मस्त वळतं, आणि वळता वळता वेग सांडत जातं. पंखांकडून जेवढी जास्त ओढ मागाल तेवढा हवेचा अडथळा वाढतो, इंजिन कितीही गर्जलं तरी ते भरून निघत नाही, आणि दोन वळशांनंतर तुम्ही ताशी साडेतीनशेवर आकाशात लोंबकळताय आणि समोरचा, ज्याने घाई केली नाही, तो वरून निवांत येतोय. प्रत्येक विमानाचा एक वेग असतो, कॉर्नर स्पीड म्हणतात, त्याच्यावर ते सगळ्यात कमी जागेत आणि सगळ्यात झटकन वळतं, जेटसाठी मोटामोटी ताशी ६५० ते ८५० च्या दरम्यान कुठेतरी. त्याच्या खाली गेलात की पंखात जोर नाही, वर गेलात की वळसा मोठा पडतो. तो काटा सांभाळणं हेच अर्धं भांडण.

मामांना हे कसं समजावू? तर समजवावं लागलंच नाही. "चढाच्या आधी पळवायची," ते म्हणाले, "चढावर गेल्यावर नही." मालगाडीचा ड्रायव्हर चढ लागायच्या आधी गाडीला जेवढी सूट आहे तेवढा वेग घेऊन ठेवतो, कारण मधेच दम गेला आणि गाडी चढावर उभी राहिली तर तिला परत हलवणं म्हणजे संकट. मी परत कागद घेतला. वेगात किती उंची साठलेली असते त्याचा हिशोब बारावीच्या फिजिक्सचाच आहे. ताशी ६० ने चाललेल्या गाडीत साधारण १४ मीटरची चढण साठलेली असते. १०० ला १ चढ असेल तर घर्षण सोडून देऊ, इंजिन बंद केलं तरी गाडी १४०० मीटर चढेल. पण कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात चढ ३७ ला १, तिथे तोच वेग जेमतेम अर्धा किलोमीटर पुरतो, म्हणून तर कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत, मामांनी त्या घाटवाल्या लोकांच्या गोष्टी ऐकत रात्री काढल्यात.

आणि विमान? ताशी ९०० म्हणजे ३२०० मीटर! तेवढी उंची नुसत्या वेगात साठलेली. म्हणजे वेग आणि उंची हे एकाच बँकेतले दोन खाते, इकडचे पैसे तिकडे करता येतात. शत्रू जवळून वळतोय आणि तुमचा वेग जास्त आहे, त्याच्या पुढे निघून जाल असं वाटलं तर ब्रेक मारायचा नाही, नाक वर करायचं, वेग उंचीत जमा करायचा, वरून त्याच्याकडे बघत वळायचं आणि परत खाली येऊन त्याच्या शेपटीवर. याला हाय यो-यो म्हणतात. मागे पडताय तर उलट, नाक थोडं खाली, उंची खर्च करून वेग घ्यायचा, तो लो यो-यो. जॉन बॉईड नावाच्या अमेरिकन पायलटने थॉमस ख्रिस्टी या गणितज्ञासोबत १९६० च्या दशकात हाच हिशोब नीट मांडला, कुठल्या विमानाकडे कुठल्या उंचीला किती एनर्जी शिल्लक राहते याचे आलेख काढले, आणि पुढची विमानं त्यावरून डिझाइन झाली. या बॉईडची पैज असायची म्हणे की समोरच्याला शेपटीवर घेऊन सुरुवात करीन आणि ४० सेकंदांत त्याच्या मागे जाईन. मामा म्हणाले, एवढी घाई असलेला माणूस आमच्याकडे असिस्टंटच राह्यला असता.

सगळंच मामांना पटलं असंही नाही. आपलं मिसाइल आपण उंचावर असताना जास्त लांब जातं, हे पटलं, वर हवा विरळ. मिसाइल आपल्यावर येत असेल तर पाठ करून पळायचं म्हणजे त्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि त्याचा दम जातो, हेही पटलं. पण नॉचिंग पटेना. नॉचिंग म्हणजे शत्रूचं रडार आपल्याला धरून बसलं की त्याच्याकडे यायचं नाही, त्याच्यापासून लांबही पळायचं नाही, त्याला बरोबर काटकोनात, आडवं उडायचं आणि त्याच्यापेक्षा खाली राहायचं. "आडवं गेल्यावर तं सगळं आंग दिसते त्याले," मामांचा आक्षेप, आणि तो डोळ्यांच्या बाबतीत बरोबरच आहे.

मग मला शिट्टी आठवली. स्टेशनवर उभं असताना न थांबणारी गाडी हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की पडतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये हे मांडलं आणि १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाईस बॅलट नावाच्या माणसाने हे तपासायला चक्क रेल्वेगाडीवर कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळाशेजारी सूर ओळखणारे कान उभे केले. विमानातलं रडार तेच करतं. आपल्या जवळ येणारं किंवा लांब जाणारं काय आहे ते परत आलेल्या लहरीच्या सुरावरून ओळखतं, आणि जमिनीसारखा सूर जे जे देतं ते ते गाळून टाकतं, नाहीतर त्याला शेतं, डोंगर, घरं सगळं विमानच दिसेल. गाडी अगदी समोरून जाते त्या एका क्षणाला सूर चढाही नसतो आणि पडलेलाही नसतो. आडवं उडणारं विमान तो क्षण लांबवत राहतं. रडारला वाटतं ही जमीनच आहे. सोबत थोडा चॅफ, म्हणजे चकचकीत पट्ट्यांचा ढग सोडला की लॉक तुटतो, बऱ्याचदा. उष्णता हुंगणाऱ्या मिसाइलला मात्र हे काही लागू नाही, त्याला फ्लेअर, म्हणजे चकवायला सोडायच्या जळत्या गोळ्या लागतात, आणि त्या सोडताना आफ्टरबर्नर, म्हणजे जादा इंधन जाळून जोर देणारी सोय, चालू ठेवला तर तुमच्यासारखा गाढव तुम्हीच.

मामा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मी ३४ वर्षं गाडीच्या आत होतो. आतून शिट्टी एकसारखीच आयकू येते." हे मला आजवर सुचलं नव्हतं.

विंगमनबद्दल, म्हणजे सोबत उडणाऱ्या साथीदाराबद्दल, लिहायला नको, कारण माझा विंगमन मीच मारला. त्याला माझ्यासोबतच त्याच टार्गेटवर हल्ला करायला सांगितलं, वळताना मागे पाहिलं नाही, आणि धडक. कॉम्प्युटरचा पायलट होता म्हणून बरं. ओसवाल्ड बोल्के नावाच्या जर्मन पायलटने १९१६ मध्ये हवाई लढाईचे आठ नियम लिहिले, सूर्य पाठीशी ठेवा, शत्रूच्या हद्दीत गेलात तर परतीची वाट विसरू नका, एकाच शत्रूवर दोघं तुटून पडू नका, आजही ते सगळे लागू आहेत. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो बोल्के कसा गेला, तर एकाच विमानामागे लागताना स्वतःच्याच साथीदाराशी टक्कर होऊन. मी हे मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत, उठून वर गेले. त्यांच्या नोकरीत काय काय झालं असेल ते मी विचारलेलं नाही.

तसं या खेळात रीस्टार्टचं बटण आहे, आणि ते दाबताना मला कधीकधी कसंतरी होतं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी विमानांचा हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले आणि सहा सेबर विमानांशी भिडले, परत आले नाहीत, परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकटेच. तो प्रसंग गेममध्ये बनवायचा मी एकदा विचार केला होता, नाही बनवला. मे २०२५ मध्ये तर आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर तंबाखू मळता मळता सगळेच बीव्हीआर, म्हणजे नजरेपलीकडून मिसाइल सोडायची लढाई, बोलायला लागले, कोण किती किलोमीटरवरून काय सोडतो, आणि ज्याला सायकल धड वळवता येत नाही तो नॉचिंग शिकवत होता. मी गप्प बसलो. मला खरं तर सगळ्यात जास्त माहीत होतं तिथे! म्हणजे गेमपुरतं.

तर ते अकरा वेळा हरलेलं मिशन. ते मी मधे सोडूनच दिलं होतं. गेल्या मे महिन्यात एका पहाटे परत उघडलं, सु-२५टी, तोच ट्रॅक्टर, मामा शेजारी. आदल्या रात्री भरीत आणि कळण्याची पुरी झाली होती, मे महिन्यात भरीत म्हणजे तसा गुन्हाच, त्याची वांगी थंडीतली, पण मामांची फर्माईश. मामांच्या हातात त्यांची जुनी डायरी होती. ड्युटीवर असताना साइन ऑन म्हणजे हजेरीची वेळ, सुटायची वेळ, पोचायची वेळ, किती मिनिटं कुठे खाल्ली, सगळं लिहायचे, ती सवय. मी टाइमटेबल सांगितलं: ०५:०० ला सेनाकी सुटणार, ०५:१४ ला टार्गेट, ०५:३८ ला परत. त्यांनी लिहून घेतलं.

निम्मंच इंधन भरलं, विमान हलकं राहावं म्हणून. टेकड्यांच्या आडून गेलो. पहिलं ख-५८ ओसावर, सोडलं आणि वळलो, थांबलो नाही. दिवा विझला. "दिवा विझला." "दिवा विझला." मग समुद्राच्या बाजूने वळसा घेऊन आलो, सूर्य पाठीशी नव्हताच, पहाट होती, पण समुद्राकडून अंधार पाठीशी होता, तेही चालतं. आठ किलोमीटर, पहिली शिल्का, विखर. सहा किलोमीटर, दुसरी शिल्का, विखर. आणि मामांचं वाकडं बोट वर, "डबल येलो." वळलो. लांब जाऊन, उंची घेऊन परत दुसरी चक्कर, दोन रणगाडे. तिसरी चक्कर, अजून दोन. सोळातले दहा विखर तसेच पंखाखाली होते आणि उरलेले रणगाडे पुलाच्या अलीकडे थांबले होते, धुरामागे.

"डिझेल पाव."

मी एक सेकंद थांबलो. अजून एक चक्कर झाली असती. "डिझेल पाव," मी म्हटलं, आणि नाक सेनाकीकडे केलं.

धावपट्टी समोर दिसायला लागली आणि लाईट गेली. कूलरचा घरघराट थांबला, एकदम शांत, आणि त्या शांततेत यूपीएसची टुंक टुंक. आमचा यूपीएस नवा होता तेव्हा दहा मिनिटं द्यायचा, आता चार देतो, कधी तीन. चाकं खाली. फ्लॅप. ताशी २८०, २७०. मामा बोट दाखवून उंची म्हणत होते, मी मागून म्हणत होतो, दोघांच्याही कपाळावरून घाम. टेकलं. मागचं ब्रेकचं पॅराशूट उघडलं. मी माऊस सोडायला लागलो तर मामा ओरडले, "गाडी उभी कर पह्यले!" म्हणून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चालवत, पार्किंगपर्यंत नेलं, एक इंजिन बंद केलं, दुसरं बंद केलं, आणि यूपीएस गेला. स्क्रीन काळी. मिशन पास झालं की नाही, किती पॉइंट मिळाले, काही कळलं नाही, सेव्ह व्हायच्या आतच गेलं सगळं.

मामांनी मोबाईलच्या उजेडात डायरी धरली आणि चष्मा वर करून लिहिलं. मी वाकून पाहिलं. सेनाकी आगमन ०५:४२. ४ मिनिटं लेट.

"लेट कशाने लिहिलं?" मी म्हटलं.

"दुसऱ्या चकरीत तू धूर पाहत बसला होता."